बंद केबिनची बातमी

तनूजा कांडेकर हरणगडच्या रोपवेच्या पाळण्यात उभी होती, आणि तरीही ती नाशिकच्या कचेरीतच होती. काल सकाळी हा पाळणा अधांतरी गचका खाऊन थांबला आणि चौदा जण जखमी झाले. पाळण्यातल्या आणि स्थानकातल्या प्रवाशांच्या ब्याऐंशी मोबाइलांनी टिपलेली चित्रं आणि आवाज जोडून संगणकानं त्या अपघाताची ‘उभी बातमी’ रचली होती. चष्मा चढवायचा आणि थेट घटनेत शिरायचं! अशा माणसाला ‘वाचक’ म्हणायचं ते आता निव्वळ सवयीनं.

तनूजाला या कामाचं वेडच लागलं होतं. सहा वर्षं सत्कार-समारंभांच्या बातम्या खरडल्यावर कोणाला लागणार नाही? चष्म्यातल्या चष्म्यातच ती पाळण्यातून उतरली, धावत स्थानकाच्या पायऱ्या चढली आणि चालकाच्या केबिनमध्ये शिरली. चालक यादव घोडके खुर्चीत मान टाकून चक्क घोरत होता.

‘‘सर, सापडलं!’’ ती ओरडली.

संपादक दळवी चहा टाकून धावत आले. ‘‘सोड लगेच! समोरच्या पेपरवाल्यांच्या आधी गेली पाहिजे.’’

बटणावर बोट ठेवता ठेवता तिनं संगणकाला विचारलं, ‘‘हे कोणत्या मोबाइलवरून घेतलंस?’’

‘‘कोणत्याही नाही. केबिन कोणीच टिपलेली नाही. चालक झोपला होता, या रोपवेच्या व्यवस्थापकांच्या जबाबावरून दृश्य पूर्ण केलं आहे.’’ म्हणजे ते घोरणंही संगणकानंच रचलेलं!

तनूजा गार पडली. छापील बातमीत तिनं ‘चालक झोपला होता असे समजते’ असं लिहिलं असतं. चित्रात ते ‘समजते’ दाखवायचं कसं? इथे तर माणूस डोळ्यांसमोर झोपला होता.

तिनं केबिनचं आतलं सगळं पुसून टाकलं. नुसतं बंद दार ठेवलं आणि त्यावर पाटी लावली : ‘आत काय घडलं, ते कोणी टिपलेलं नाही.’

‘‘अगं, बातमीचा जीवच काढलास!’’ दळवी कळवळले.

‘‘सर, या चित्रावर तो माणूस तुरुंगात जाईल.’’

दळवींनी डोकं खाजवलं. ‘‘जाऊ दे तशीच. शिव्या मी खातो.’’

बातमी सुटली. पडद्यावर प्रत्येक वाचक एक ठिपका होऊन दिसायचा. बघता बघता चाळीस हजार ठिपके त्या बंद दारापाशी दाटले! तनूजानं आनंदानं टाळ्या पिटल्या. मग ठिपके भराभर विझू लागले. समोरच्यांच्या बातमीत दार सताड उघडं होतं आणि आत यादव घोरत होता.

अर्ध्या तासात दारापाशी जेमतेम तीनशे उरले. उभ्या बातमीत वाचकाला बोलताही यायचं. पहिल्यापासून जागचा न हललेला एक ठिपका आता अडखळत बोलू लागला.

‘‘ताई, मी यादव घोडके. मी जागा होतो हो. कालपासून मला एकाही पेपरवाल्यानं फोन केला नाही.’’

तनूजाला शरमल्यासारखं झालं. तिनंही केला नव्हता.

‘‘बोला भाऊ, मी ऐकतेय. काय घडलं आत?’’

‘‘तुम्ही ऐकाल, ताई. पण ज्यांनी मला घोरताना बघितलंय, ते आता माझं ऐकतील का?’’