बावीस पायऱ्यांखालचं लोकमत

राज्याच्या नव्या दिव्यांग धोरणावर जनतेकडून हरकती व सूचना मागवण्याचं काम सकाळी अकरा वाजता सुरू झालं आणि अकरा वाजून सात मिनिटांनी संपलं. एकतीस लाख दिव्यांगांपैकी एकतीस लाखांनी मत नोंदवलं. त्यातल्या एकालाही याची कल्पना नव्हती, पण कामकाज शांततेत पार पडलं.

डॉ. अंबुजा चिलवेरी सोलापूरच्या लोकेच्छा केंद्राच्या अंगणात आपल्या चाकाच्या खुर्चीत बसून हे मोबाइलवर पाहत होती. ती संख्याशास्त्राची प्राध्यापक आणि धोरण तपासणी समितीची सदस्य. समितीची बैठक तिसऱ्या मजल्यावर होती. इमारतीला लिफ्ट होती, उत्तम होती, आणि ती बावीस पायऱ्या चढून गेल्यावर लागत होती.

बैठक आटोपून केंद्राचे संचालक डॉ. हेमचंद्र पाटणे स्वतः खाली आले. माणूस सभ्य. तिच्यासाठी चहाही घेऊन आले होते.

कलम नऊ गळालं, असं त्यांनी सांगितलं. प्रत्येक सरकारी इमारतीला पायऱ्यांविना प्रवेश असावा, असं ते कलम. अंबुजाने त्यासाठी अकरा वर्षं अर्ज, निवेदनं आणि शिष्टमंडळं केली होती. आता ते गेलं म्हणजे पुढच्या धोरणापर्यंत, म्हणजे आणखी दहा वर्षं गेलं.

"का गळालं?"

"मागणीच नाही. शून्य पूर्णांक शून्य."

"कोणाला विचारलंत?"

"प्रतिरूपांना." पाटणे शेजारच्या कट्ट्यावर बसले आणि विद्यार्थ्याला समजावतात तसे समजावू लागले. प्रत्येक नागरिकाचा मोबाइल, त्याचं ओळखपत्र, दारादारावरचे संवेदक मिळून त्याची पाऊलनोंद ठेवतात. त्या नोंदीवरून यंत्र त्या माणसाची हुबेहूब प्रतिकृती घडवतं, तेच त्याचं प्रतिरूप. मग माणसाला कामधंदा सोडून सुनावणीला बोलवायचं कारण उरत नाही. "माणूस बोलतो एक आणि करतो एक, मॅडम. आम्ही त्याचं करणं मोजतो. जिथं तो पुन्हा पुन्हा जातो, ते त्याला हवंय. जिथं कधीच जात नाही, ते त्याला नकोय."

"आणि जिथं त्याला जाताच येत नाही?"

पाटण्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नोंदीत दोन्ही सारखंच दिसतं."

अंबुजाने स्वतःचं प्रतिरूप पाहायला मागितलं. त्यांनी ते तिच्याच मोबाइलवर उघडून दिलं. आवाज तिचा, चष्मा तिचा, वाद घालताना मान तिरकी करायची खोडही तिचीच. केंद्राच्या इमारतीत जावंसं वाटतं का, असं तिने विचारलं. प्रतिरूप म्हणालं, "नाही. मला अंगणातली हवा आवडते."

अंबुजाने चहा संपवला. मग तिने दोनच प्रश्न विचारले. प्रतिरूप किती दिवसांनी ताजं होतं? दर चाळीस. आणि धोरण अंतिम कधी होणार? नव्वदाव्या दिवशी.

त्याच संध्याकाळी ती रेवणसिद्ध बिराजदारांच्या घरी गेली. बिराजदार यंत्रमागावर पाय गमावलेले, दोन कुबड्यांवर उभा जिल्हा हिंडणारे आणि राज्यातल्या सगळ्या दिव्यांग संघटनांचे फोन नंबर तोंडपाठ असलेले गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. तिचं बोलणं त्यांनी शेंगा सोलत ऐकून घेतलं.

"म्हणजे आपण कचेरीत जात नाही, म्हणून आपल्याला जायचंच नाही?"

"हो."

"आन् मेलेला माणूस जेवत नाही, म्हणजे त्याचा उपास असतोय?"

"यंत्राच्या मते कडक."

अण्णांनी शेंगांची टोपली बाजूला सारली आणि फोन हातात घेतला.

दुसऱ्या आठवड्यापासून राज्यातल्या सगळ्या अकराशे कार्यालयांसमोर माणसं येऊ लागली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. अकराला यायचं, पहिल्या पायरीपर्यंत जायचं, पाचपर्यंत तिथंच थांबायचं. काही जण विणकाम घेऊन येत, काही जण परीक्षेचा अभ्यास. सोलापुरात कडक भाकरी आणि चटणीचे डबे उघडत. उन्हाने दोघांना चक्कर आली. दुसऱ्या दिवशी दोघंही टोपी घालून हजर. सुरक्षारक्षकाने काय काम आहे विचारलं, की सगळे वर बोट दाखवत. चाळीस दिवसांत एकही दिवस खाडा झाला नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी यंत्राचा निष्कर्ष आला. दिव्यांग नागरिकांना पायऱ्यांच्या पायथ्याशी थांबण्याची तीव्र इच्छा असल्याचं निःसंशय सिद्ध झालं होतं. सबब प्रत्येक कार्यालयासमोर, पायऱ्यांच्या संपूर्ण रुंदीत, बाके व पिण्याच्या पाण्यासह मांडव तातडीने उभारावा.

मांडव तीन दिवसांत उभे राहिले. अकरा वर्षांत सरकारने दिव्यांगांचं काही इतक्या झटपट केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

अण्णांनी कुबड्या बाकाला टेकवल्या. थकले होते. "मॅडम, झालं की ओ. आता पंखे लावतील, आन् आपण इथंच म्हातारे होणार."

अंबुजा आदेशाची प्रत तिसऱ्यांदा वाचत होती. "अण्णा, संपूर्ण रुंदीत म्हटलंय."

"मग?"

"मग बसा. पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपण कायदेशीर बसलोय, कोणी उठवू शकत नाही. यंत्र फक्त आपलंच प्रतिरूप करतं असं कुठंय? साहेबांचंही करतं. शेवटच्या फेरीत सगळ्या जनतेला विचारणार आहेत."

अण्णा तिच्याकडे, मग पायऱ्यांकडे पाहत राहिले. त्यानंतर त्यांनी पुन्हा फोन काढला.

आता कार्यालय उघडायच्या आधीपासून बंद होईपर्यंत बाके भरलेली. पायऱ्यांकडे जायला वाट उरली नाही. कर्मचारी दोन दिवस कुरकुरले आणि तिसऱ्या दिवशी इमारतीमागच्या, एरवी कुलपात असलेल्या, यंत्रसामग्री आत न्यायच्या उतारावरून जाऊ लागले. कामासाठी येणारे लोकही तिकडूनच. ज्या कार्यालयांना मागे उतार नव्हता तिथं तो आठवड्याच्या आत बांधला गेला, कारण साहेबांना आत जायचं होतं. त्यासाठी कुठलं कलम लागलं नाही.

एकदा अण्णांनी विचारलं, आपणही मागून एक चक्कर मारून यावी का? अंबुजा ठाम होती. आपण उठलो, की पायऱ्या मोकळ्या होतील. कोणीही उठायचं नाही. कोणी उठलं नाही.

शेवटच्या फेरीतही यंत्राने सातच मिनिटं घेतली. पाटणे अंतिम धोरण घेऊन मागच्या उतारावरून, इमारतीला वळसा घालून मांडवात आले. चेहरा गोंधळलेला होता.

"तुम्ही जिंकलात बहुतेक," ते म्हणाले.

कलम नऊ परत आलं होतं. मांडव भरल्यापासून राज्यातल्या एकाही नागरिकाने पायऱ्यांचा वापर केला नसल्याने जनतेला पायऱ्या नको आहेत, हे स्पष्ट होतं. सर्व सरकारी इमारतींच्या पायऱ्या काढून दर्शनी बाजूस उतार करण्यात यावेत. तोवर मागील उतार सर्वसाधारण जनतेसाठी खुला राहील.

मांडवात हसण्याची एक लाट आली. अंबुजा मात्र अजून वाचत होती, कारण खाली बारीक अक्षरात पोटकलम होतं. दिव्यांग नागरिक या काळात उतार उपलब्ध असूनही मांडवातून हलले नाहीत. त्यांना इमारतीत प्रवेशाची इच्छा नसल्याचं यावरून सिद्ध होतं. सबब कलम नऊ त्यांना लागू नाही.

तिने ते दोनदा वाचलं. संख्याशास्त्राची प्राध्यापक; सगळ्या राज्याला मोजलं आणि स्वतःला मोजायची विसरली. तर्कात चूक कुठंच नव्हती. तिने कागद अण्णांकडे दिला. अण्णांनी तो वाचला, घडी केली आणि बाकावर पाण्याच्या पेल्याखाली ठेवला.

"उतार बांधलाय ना पण?" त्यांनी विचारलं.

"बांधलाय."

"सिमेंटचा?"

"सिमेंटचा."

अण्णांनी कुबड्या घेतल्या. अंबुजाने चाकांना हात घातला. त्यांच्यामागे अख्खा मांडव उठला आणि इमारतीला वळसा घालू लागला. उताराच्या तोंडाशी रक्षक उभा होता. त्याने हातातला आदेश चाळला आणि अडचणीच्या स्वरात म्हणाला की मॅडम, यात असं लिहिलंय की तुम्हाला आत यायचं नाहीये.

"हो, वाचलं आम्ही," अंबुजा म्हणाली. "जरा बाजूला सरका."

आणि ती चढू लागली.