तीन वाट्या आणि माझं नाक

"अहो, थांबा! ते खाऊ नका!"

मी मान वर केली. समोर ॲप्रन बांधलेला एक उंच माणूस उभा होता. एका हातात झारा, दुसऱ्या हातात नूडल्सची प्लेट, आणि चेहरा असा की जणू मी त्याच्या घरात शिरून चोरी करत होते.

"त्यात लसूण जळून कोळसा झालाय. टाकून द्यायला बाजूला ठेवली होती ती. तुमची प्लेट ही."

हॉटेलच्या काउंटरवर दोन प्लेटी होत्या, मी हाताला लागली ती उचलली होती. आता ती जवळपास संपली होती.

"बरं लागलं की," मी म्हटलं.

तो वाकला, माझ्या प्लेटचा वास घेतला आणि त्याने असं तोंड केलं की मला हसू आलं. त्याला मात्र हसू आलं नाही. तो आत गेला, एक बाटली घेऊन आला आणि झाकण उघडून माझ्या नाकाशी धरली.

"कसला वास येतो, सांगा."

मी जोरात श्वास घेतला. काहीच नाही. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सरबत?"

"हा माशांचा सॉस आहे. झाकण उघडलं की शेजारचा शिंपी खिडकी लावून घेतो." त्याने बाटली बंद केली आणि समोरच्या खुर्चीवर बसला. आवाज एकदम खाली आला. "कधीपासून येत नाही वास?"

मध्यंतरी मला ताप आला होता. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. आम्ही मायलेकी घरी मसाले करतो. धणे कधी उतरवायचे, लवंग कधी टाकायची, खोबरं किती परतायचं, सगळं नाकावर. आमच्या घरी नाक हेच भांडवल. ते बुडालं हे आईला कुठल्या तोंडाने सांगणार? पण या माणसाला मी सगळं सांगून टाकलं. पुन्हा कशाला भेटतोय, असं वाटलं असावं.

"उद्या दुपारी या," तो म्हणाला. "गिऱ्हाईक नसतं तेव्हा. पैसे नकोत, फक्त खरं बोलायचं."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पण डॉक्टरपेक्षा बरं जेवायला घालतो."

सगळी गल्ली त्याला खलाशी म्हणायची. तो बरीच वर्षं जहाजावर आचारी होता. तिथल्या थायलंडच्या मोठ्या आचाऱ्याने त्याला हाताखाली घेऊन शिकवलं होतं. समुद्राला कंटाळून त्याने हे छोटं हॉटेल टाकलं. दारावर पाटी : थाई, इंडियन, इंडो-चायनीज. चार टेबलं आणि तीन देशांचा पसारा.

दुसऱ्या दिवशी गेले. त्याने माझ्यापुढे तीन वाट्या मांडल्या.

पहिलीत थाई सूप. लिंबू, मिरची, थोडी साखर, तोच माशांचा सॉस. एक चमचा घेतला आणि मी ताठ बसले. आंबट आलं, मागोमाग तिखट, मग खारट, शेवटी हळूच गोड. आजारपणानंतर पहिल्यांदाच जिभेशी कुणीतरी बोलत होतं… नव्हे, चौघं एकदम बोलत होते.

"यात गवती चहा आहे, लिंबाची पानं आहेत, ते तुम्हाला कळणार नाही," तो म्हणाला. "पण थाई जेवण बरंचसं जिभेवर उभं असतं. म्हणून पोचलं."

दुसरीत मंचुरियन. व्हिनेगरचा चिमटा, सोयाचा खारटपणा, मिरचीचा चटका. "हे बिचारं चीनमध्ये कुणी ओळखणार नाही," तो म्हणाला. "सॉस माहेरचा, मिरची सासरची."

"संसार कसा चाललाय?"

"झणझणीत!"

मी हसले. तोही हसला. मग मी तिसरी वाटी ओढली. फोडणीचं वरण. जन्मापासून खाल्लेलं. एक घास घेतला. मीठ होतं, ऊब होती… बाकी सगळं गुडुप. जिरं नाही, हिंग नाही, तूप नाही. आपल्याच घराचं दार वाजवावं आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसं झालं. माझे डोळे भरून आले.

त्याने उगीच धीर दिला नाही, पाठीवर हात ठेवला नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाला, "आपलं जेवण आधी नाकाने खायचं असतं. म्हणून तेच आधी रुसलं. येईल."

मग मी रोजच जायला लागले. वाट्यांच्या आधी तो मला डोळे मिटायला लावायचा आणि एकेक बरणी नाकाशी धरायचा. वास आला नाही तरी आठवून काहीतरी सांगायचं, असा नियम. मी म्हणायचे, "जिरं." तो म्हणायचा, "कॉफी." मी म्हणायचे, "लवंग." तो म्हणायचा, "बोट आहे माझं, चावू नका."

कधी अहो-जाहो सुटलं ते कळलंच नाही.

घरी मात्र व्हायचं ते झालंच. एकदा आई न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आली. "अगं, घर पेटलंय का?" कढईत धणे काळेठिक्कर पडले होते, धूर छताला लागला होता आणि मी शांतपणे झारा फिरवत होते, नजर खिडकीबाहेर. आईने गॅस बंद केला. माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगून टाकलं.

"नाक गेलं म्हणून तोंडही गेलं होतं का तुझं?" ती कडाडली. "आणि माझं नाक काय शोभेला आहे?"

त्या दिवसापासून ती स्टूल घेऊन कढईशेजारी बसायला लागली. ती "आत्ता" म्हणाली की मी उतरवायचं. त्या "आत्ता"च्या आधी धण्यांचा आवाज बदलतो, कडा तांबूस होतात, हे मला पहिल्यांदाच दिसायला लागलं. काम चालू राहिलं. पण कढईवर वाकावं आणि काहीच भेटू नये, याची सवय होईना.

एका दुपारी बाहेर पावसाची भुरभुर होती. खलाशी गवती चहाच्या काड्या ठेचत होता. ठेचता ठेचता, मान वर न करता म्हणाला, "जहाजावरून फोन होता. मुख्य आचारी म्हणून बोलावतायत. इथे तसंही फार कुणी फिरकत नाही."

"मग जा की," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

त्याचा हात थांबला. "तुझं नाक ठिकाणावर आल्याशिवाय नाही. आत्ताशी अर्धं काम झालंय."

झालं! आता देवाकडे मागायचं तरी काय? नाक यावं, आणि लवकर येऊ नये… दोन्ही एकदम मागून देवालाही बुचकळ्यात टाकलं मी. मध्येच वास यायला लागले, पण सगळे वेडेवाकडे. कांदा कुजल्यासारखा, साबण रॉकेलसारखा. गवती चहा तेवढा एकदा धड आला, क्षणभर. मी ते खलाशाला सांगितलं. खरं बोलायचं ठरलं होतं ना. तो आनंदाने नाचायचाच बाकी होता. मी मात्र तो जायला किती दिवस उरले ते मनातल्या मनात मोजायला लागले.

आणि मग तो दिवस आला. तो माझ्याकडे पाठ करून वरणाला फोडणी देत होता. मी कोथिंबीर निवडत होते. तुपात जिरं पडल्याचा आवाज झाला, मग त्याने मसाला टाकला, आणि माझ्या नाकात काहीतरी घुसलं. ओळखीचं. स्पष्ट. आणि…

"शी!" मी ओरडले. "हा मसाला शिळा आहे!"

तो गर्रकन वळला.

"शिळा आहे! वर्षभर डब्यात पडलाय. जिरं कुबट, धणे तर भाजलेलेच नाहीत. असलं वरण घालत होतास मला इतके दिवस? आणि मी आपली नाकाला दोष देतेय!"

"तुला… वास आला?"

दोघंही हसत सुटलो. मी हसता हसता रडले, त्याने झारा हवेत उडवला, तो जाऊन पातेल्यावर आदळला. मग हसू ओसरलं. त्याने गॅस बंद केला. दोघांनाही एकदमच आठवलं असावं.

"म्हणजे मी जायला मोकळा," तो म्हणाला.

"हो."

"बरं."

"बरं काय बरं? तुला काय हवंय ते सांग ना."

"मी घाबरट माणूस आहे. वादळात उभा राहून भात शिजवलाय, पण हे… हे जमत नाही. तूच सांग."

मी कोथिंबीर खाली ठेवली. "खरं सांगू? तुझं थाई उत्तम आहे. चायनीज झकास. इंडियन मात्र भिकार. म्हणून लोक एकदा येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत."

"मग काय करू?"

"आमचा मसाला वापर."

"आणि?"

"आणि काय… मसाल्याबरोबर मीही येईन."

त्याने फक्त पुढे येऊन माझ्या केसांत अडकलेलं कोथिंबिरीचं पान काढलं. काढायला जितका वेळ लागतो, त्याहून बराच जास्त वेळ लावला. त्याच्या शर्टाला धुराचा, लिंबाचा आणि घामाचा वास येत होता. कुठलाच वेडावाकडा नव्हता.

"जहाजवाल्यांना येत नाही म्हणून कळवतो," तो माझ्या कपाळाजवळ पुटपुटला.

रविवारी तो आमच्या घरी आला, इस्त्रीच्या शर्टात, हातात थाई करीचं पातेलं. आई स्टूलवर बसली होती. तिने चमचाभर करी तोंडात घेतली, डोळे बारीक केले, बराच वेळ चव घेतली. मी दाराला टेकून उभी. खलाशी पातेल्याचं झाकण उगीच काढत-घालत होता.

"आंबट, गोड, खारट, तिखट, सगळं एकदम!" आई म्हणाली. "आमच्याकडे एकेक चव सावकाश येते. याला कसली एवढी घाई आहे रे?"

तो माझ्याकडे पाहून लाजला, आणि म्हणाला,

"घाई मलाच आहे, आई."