शिंपीकाकांची कवळी

कवळीवाल्याचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. नसणारच हो! दिवसभर माणसांचे जबडे हातात घेऊन बसणारा माणूस तो. प्लास्टरचे साचे, वितळलेल्या मेणाचा वास, कोपऱ्यात घरघरणारं पॉलिशचं मशीन. फळीवर शंभरेक तोंडं ओळीने मांडलेली, आणि त्यातल्या एकाने कधी हूं की चूं केलं नव्हतं. "बोलायचंच असतं तर एव्हाना बोलली असती," असं म्हणून तो फिसकन हसायचा.

हसायचा म्हणजे पूर्वी. वडील गेल्यापासून नाही. तसा रडलाही नव्हता म्हणा. भूल दिलेल्या गालासारखं झालं होतं त्याचं. हात लावलेला कळायचा, पण दुखायचं काही नाही.

वडील गेले ते असे. दवाखान्यात दुपारी त्याला वाटलं, यांच्या कवळीची कड हिरडीला घासतेय. धंद्याची खोड, दुसरं काय! "बाबा, तासाभरात घासून आणतो," म्हणत त्याने त्यांच्या तोंडातून वरची-खालची दोन्ही काढून घेतली. त्या तासाभरातच म्हातारा गेला. जवळ धाकटी बहीण होती. बाबांनी तिचा हात धरला, नेहमीसारखं दोनदा खाकरले आणि काहीतरी सांगू लागले. एकदा, दोनदा, तीनदा. पण बोळक्या तोंडातून नुसती हवा बाहेर पडत होती. तिला अक्षर कळलं नाही. कवळी मागाहून आली आणि बाबांबरोबरच चितेवर गेली.

तेव्हापासून धाकटीने एकच ध्यास घेतला, बाबा काय म्हणत होते? खाणं सुटलं, नोकरीवर दांड्या सुरू झाल्या. चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत एक मावशी बसायची. गेलेल्या माणसाची वस्तू हातात धरायची आणि त्याचं बोलणं सांगायची. धाकटीने तिच्याकडे बाबांची छत्री नेली, चपला नेल्या, घड्याळ नेलं. बाबा गप्पच.

"दादा, एकदा तू चल," ती म्हणाली. "मावशी म्हणतात, तोंडाजवळची वस्तू हवी."

सगळं थोतांड आहे, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते त्याने गिळलं. टेबलावर एका गिऱ्हाइकाची, शिंपीकाकांची, नवी कोरी कवळी तयार होती. बाईला उघडं पाडायचं तर हीच वेळ, त्याने मनाशी म्हटलं. धाकटी सुटली तर याच धक्क्याने सुटेल.

"बाबांची जुनी जोडी आहे माझ्याकडे," तो म्हणाला आणि शिंपीकाकांच्या कवळीची डबी खिशात टाकली.

मावशीच्या खोलीत पडदे ओढलेले, ओल्या कपड्यांचा वास. खालच्या दुकानात काच घासल्याचा बारीक आवाज चालू होता. मावशीने कवळी ओंजळीत धरली, डोळे मिटले. बराच वेळ गेला. खालचा आवाज थांबला.

"मिळाले म्हणतात..." मावशी पुटपुटली. "दात मिळाले... आता बोलतो म्हणतात."

धाकटीने हुंदका दिला आणि हा ताडकन उठला. "बाबा कसले! शिंपीकाकांची कवळी आहे ही. पलीकडच्या गल्लीत जिवंत बसलेत ते मशीनवर!"

मावशी ना चिडली, ना घाबरली. तिने कवळी परत डबीत ठेवली. "त्यांची म्हणून दिलीत ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग त्यांनी घेतली."

त्याने धाकटीला हाताला धरून थेट शिंप्याच्या दुकानात नेलं. "काय राव, झाले का माझे दात?" शिंपीकाका बोळकं पसरून हसले. "पातळ खाऊन खाऊन जीव गेला माझा!" धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकाएकी पायरीवर बसून पोटभर रडली. त्या रात्री ती नीट जेवली, दुसऱ्या दिवशी कामावर गेली. जिंकला गडी! पण आतून त्याला आनंद बिनंद काही झाला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिंपीकाका आले. त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, कवळी स्वच्छ धुऊन तोंडात बसवली. "दात मिटा. हां, तसेच धरा," म्हणत तो मशीन बंद करायला वळला.

मशीन थांबलं. पाठीमागे कुणीतरी दोनदा खाकरलं.

तो गर्रकन वळला.

"हं... आता बरं झालं," खुर्चीतून आवाज आला. तो शिंपीकाकांचा नव्हता. "तीनदा मागितले रे दात... पोरीला कळेचना. तिला बोलव... एकच सांगायचंय."

शिंपीकाका छताकडे बघत होते. डोळे तेवढे त्यांचेच होते, आणि भ्यालेले होते.

बोलावलं असतं तर धाकटी धावत आली असती. आणि मग जन्मभर त्या खुर्चीपाशी बसली असती. कवळीवाला पुढे झाला. दोन बोटं घातली आणि वरची-खालची दोन्ही ओढून काढली.

"तासाभरात आणतो," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"काय झालं हो? बसली का?" शिंपीकाका गाल चोळत म्हणाले.

"नाही बसली. दुसरी करतो."

ते गेल्यावर त्याने वडिलांचा जुना साचा काढला. बिजागरीच्या चौकटीवर वरचा-खालचा जबडा होता. त्यावर ती कवळी ठेवून पाहिली. शिंपीकाकांच्या मापाची कवळी ती, पण टक्‌ करून बसली. केसभरही फट नाही. त्याने जबडा मिटला, तारेने करकचून बांधला आणि फळीवर मागच्या रांगेत सरकवला. वाईट वाटावं म्हणून तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी त्याचा डबा घेऊन आली. चेहऱ्यावर रंग आला होता.

"वेडीच होते मी, दादा. बाबा काही सांगत नव्हते. नुसते कण्हत असतील, नाही का?"

"हो," तो मान खाली घालून म्हणाला. "कण्हतच असतील."

डबा ठेवायला जागा शोधता शोधता तिची नजर फळीवर गेली. "अगंबाई! सगळी तोंडं मिटलेली, आणि हे एकटंच आ वासून का ठेवलंयस रे?"

त्याने मान वर केली. जबडा पुढच्या रांगेत आला होता. शेजारी तार पडली होती, सगळे पीळ सोडवून सरळ केलेली.