गाडी थंड असताना

"त्या झाकणाला हात लावलात तर हात भाजेल. आणि नाही भाजला तर मी तोडीन!"

बॉनेटमध्ये वाकलेला माणूस जागच्या जागी थिजला. वाफ फुसफुसत होती, गाडी गॅरेजच्या दारातच आडवी बंद पडली होती आणि या शहाण्याची बोटं झाकणापासून वीतभर लांब होती. ती हातातला फडका घेऊन गॅरेजातून धावत आली आणि त्याच फडक्याचा एक सणसणीत फटका तिने त्याच्या मनगटावर ठेवून दिला.

"अहो, दिवा लागलाय," तो मनगट चोळत म्हणाला. "पाणी कमी असल्याचा. म्हणून घालायला..."

"दिवा कधी लागला?"

"सकाळी आठला, निघताना."

"आणि आत्ता वाजलेत अकरा. म्हणजे तीन तास दिवा बोंबलतोय आणि तुम्ही गाडी हाकताय! आत उकळतं पाणी दाबाखाली आहे. झाकण फिरवलं असतं तर कारंजं थेट तोंडावर. चष्म्यामुळे डोळे तेवढे वाचले असते, थोबाड गेलं असतं."

त्याने धुरकटलेला चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "डोळे वाचले असते ना? मग ठीक आहे. थोबाडाचं एवढं काही नाही..."

ती हसली नाही. त्या दिवशी तिला हसवेल असा माणूस जन्माला यायचा होता.

कारणही तसंच होतं. गॅरेज तिच्या बाबांचं, पण गेली अकरा वर्षं गाड्यांखाली पाठ घासत होती ती. दोन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि दाजी "जरा बसायला" म्हणून गॅरेजात आले. बसले ते बसलेच. खुर्ची त्यांची झाली, गिऱ्हाइकं त्यांची झाली, शटरची किल्ली त्यांच्या खिशात गेली. आणि त्याच सकाळी बाबांनी पाव खाता खाता सांगितलं होतं, "पुढच्या महिन्यापासून जावईबापूच बघतील सगळं."

"आणि मी?"

"तू आहेसच की मदतीला."

मदतीला! अकरा वर्षं! 

तासाभराने इंजिन निवलं, तेव्हा तिने झाकण फडक्याने धरून हळूहळू सोडलं. मग पाण्याच्या बाटलीवर तिची नजर गेली. पांढऱ्या प्लास्टिकवर केसासारख्या बारीक रेघा होत्या, निळ्या आणि तांबड्या, एकीखाली एक. प्रत्येक रेघेपुढे तारीख.

"हे काय आहे?"

तो ओशाळला. "खुणा. मी डोळे तपासतो, वृद्धाश्रमांत, शाळांत... काचांवर खुणा करायची सवय आहे. रात्रीची निळी, सकाळची तांबडी; पाणी ओतण्याआधी एक, ओतल्यावर एक. याआधी तीन गॅरेजवाल्यांनी पाहिल्या. तिघंही हसले."

"निळी खूण गाडी गरम असताना केली असेल तर सगळं फुकट. गरम पाणी फुगतं."

"नाही, जेवण झाल्यावर करतो. गाडी निवलेली असते."

तिने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक म्हणजे 'आपोआप झालं, मी काहीच केलं नाही' असं सांगणारी जात. हा मात्र गाडी निवण्याची वाट बघणारा निघाला. तिने बोटाने रेघा मोजल्या. सकाळपासून रात्रीपर्यंत पाणी जवळजवळ तेवढंच. रात्रीपासून सकाळपर्यंत बोटभर खाली.

"म्हणजे चालताना गळत नाही..." ती स्वतःशीच पुटपुटली. "उभी असताना गळते. आणि रोज सकाळी तुम्ही काय ओतता?"

"नळाचं पाणी."

"वा! म्हणजे आत गंजाची शेती. आणि आज सकाळी?"

"आज उशीर झाला होता. नाही ओतलं."

"तरीच."

एवढ्यात दाजी आले. हातात पान्याऐवजी मोबाइल. त्यांनी झाकणाच्या जागी गळती तपासायचा हातपंप लावून दाब दिला, चढलेला काटा खाली आला नाही. इंजिन अजून कोमट होतं, काटा उतरणार कसा? पण दाजींनी मान डोलावली. "बाहेर कुठे गळत नाही, म्हणजे पाणी आत जळतंय. हेड गास्केट गेलं, साहेब. इंजिन खोलावं लागेल."

"काहीही!" ती म्हणाली. "धूर पांढरा नाही. तेल स्वच्छ आहे. उगाच धडधाकट माणसाचं पोट फाडताय!"

 मागे स्टुलावर बसलेले बाबा काठी टेकत उठले. "गिऱ्हाइकासमोर जावयाचा पाणउतारा? माफी माग."

"गळती बाहेरच आहे, बाबा."

"दाखव मग. उद्या सकाळी नऊपर्यंत. नाही दाखवलीस तर माफी मागायची, आणि पान्याला हात लावायचा नाही. टेबलावर बसून फोन घे."

दाजी गालात हसले. "साहेब, गाडी इथेच राहू द्या. संध्याकाळी खोलतो."

"गाडी माझी आहे," चष्मेवाला शांतपणे म्हणाला. "इंजिन कोणी खोलणार नाही." मग तिच्याकडे वळून, "मी काय करू, मिस्त्रीबाई?"

मिस्त्रीबाई! अकरा वर्षांत त्या गॅरेजात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. ती जास्तच चिडली. डोळ्यांत पाणी यायला लागलं की ती चिडायची, लहानपणापासूनचीच खोड.

"पाणी भरलंय, घरी न्या. तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. आणि सकाळी सुरू करायची नाही, चावीला हातसुद्धा लावायचा नाही. मी येते."

सकाळी सहाला ती त्याच्या गल्लीत पोचली तेव्हा हवा इतकी गार होती की बोललं की तोंडातून वाफ निघत होती. तो पायरीवर बसून होता, उलटा स्वेटर घालून, हातात चहाचे दोन कप.

"कप बॉनेटवर ठेवू नका!" ती ओरडली. "आत्ता मला काहीही गरम नकोय."

"सुप्रभात," तो म्हणाला.

वरच्या खिडकीतून त्याच्या मावशीने डोकं बाहेर काढलं. "कोण रे ती? सकाळी सकाळी कोणाशी भांडतोयस?"

"गाडीची डॉक्टर, मावशी. भांडत नाहीये, तपासतेय."

तिने पंप लावला. दाब चढला, काटा खुणेवर थांबला... आणि मग हळूहळू, चोरासारखा, खाली यायला लागला.  हातबॅटरी दातांत धरून ती वाकली. तोही वाकला. खांद्याला खांदा लागला, दोघांच्या वाफा एकमेकींत मिसळल्या. वरचा जाड रबरी पाइप जिथे इंजिनाला जोडलेला होता, तिथे तो आवळून धरणाऱ्या गंजक्या क्लॅम्पखाली एक फिकट गुलाबी थेंब जमत होता. फुगला... लोंबला... पडला. इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या कव्हरवरच तो अडकून राहिला, जमिनीपर्यंत पोचलाच नाही.

"म्हणून मी गाडीखाली अंथरलेले पेपर कोरडे राहायचे!" तो कुजबुजला.

"थंडीत रबर आकसतं, हा क्लॅम्प ढिला पडलाय, तो धरत नाही. गाडी तापली की रबर फुगतं आणि फट बुजते. म्हणून गरम गाडीत कोणालाच काही सापडलं नाही."

"किती सुंदर आहे..."

"थेंब?"

"थेंबसुद्धा."

तिने झटकन मान काढली आणि बॉनेटवर डोकं आपटून घेतलं. "इथे माझं गॅरेज चाललंय हातातून आणि तुम्हाला कविता सुचतायत! आता हे बाबांना दाखवायचं कसं? गाडी सुरू केली की तापणार, फट बुजणार."

"व्हिडिओ काढू?"

"दाजी म्हणतील, हिनेच पाणी शिंपडलं. बाबांच्या डोळ्यांसमोर पडला पाहिजे. आणि गुडघ्यांमुळे ते वरच्या घरातून जिना उतरून गॅरेजात येतात तेवढंच."

त्याने स्वेटरच्या बाह्या सारल्या. "अंतर किती? दीड किलोमीटर?"

"वेड लागलंय का?"

"कालपासून," तो म्हणाला आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

ती खिडकीतून स्टिअरिंग धरून चालत होती, तो मागून ढकलत होता. पहिल्या चौकात पेपर टाकणारा माणूस सायकल थांबवून हसला. दुसऱ्या चौकात चढ लागला.

"जोर लाव की!" ती ओरडली. "नुसता टेकून चालतोयस!"

"एकदम... अरे-तुरे?"

"ढकलणाऱ्याला अहो-जाहो करायला माझ्याकडे दम नाहीये. लाव जोर!"

"तुला राग... कायमच... एवढा येतो?"

"हो! का? आवडत नाही?"

"मी... एवढं... चांगलं इंजिन... कधी पाहिलं नाही."

 त्या चढावर तिने दुसरा हात दाराला लावला आणि सगळं वजन घालून स्वतःही ढकलायला लागली.

पावणेआठला ते गॅरेजपाशी आले. दाजी शटर वर करत होते. बाबा जिना उतरून आले. तिने थेट पंप लावला आणि बॅटरीचा झोत क्लॅम्पवर धरला.

"बघा."

बाबा वाकले. "कुठंय?"

"इथे. बोटाखाली. जमतोय बघा."

"नाही दिसत बुवा."

"नसेलच तर दिसणार कुठून?" दाजी म्हणाले. "चला, माफी मागून टाका, मेहुणीबाई. किती ताणायचं?"

तिचे कान तापले. थेंब पडला आणि बाबांनी पाहिलाच नाही! ती तोंड उघडणार तोच चष्मेवाल्याने तिच्या कोपराला हलकेच हात लावला. तो थेंबाकडे बघतच नव्हता, बाबांकडे बघत होता. हनुवटी वर, मान मागे, डोळे बारीक. त्याने डिकीतून तपासणीच्या काचांची लाकडी पेटी काढली, त्यातली रिकामी गोल फ्रेम बाबांच्या नाकावर ठेवली.

"मला सगळं दिसतं," बाबा गुरगुरले.

"हो. लांबचं," तो म्हणाला आणि एक काच सरकवली, मग दुसरी. "जवळचं किती दिवस दिसत नाहीये?"

 बाबा अगदी हळू म्हणाले, "दोनेक वर्षं." दाजींनी पायाखालचा बोल्ट उगाच पायाने सरकवला.

नवा थेंब जमला. फुगला... लोंबला... पडला.

"दिसला," बाबा म्हणाले. ते तसेच वाकून राहिले. मग त्या दोन काचांतून त्यांची नजर बॅटरी धरलेल्या हातांवर गेली. कापलेली, सोललेली, काळ्या भेगांची बोटं. किती वेळ ते तेच बघत राहिले.

"थेंब दिसायला काच लागली, बाबा," ती म्हणाली. आवाज थरथरत होता आणि तिला त्याचा भयंकर राग येत होता. "मी दिसायला काय लावू?"

  बाबा सरळ उभे राहिले आणि त्यांनी दाजींसमोर पंजा पसरला.

"जावईबापू. किल्ली."

"अहो, पण आतसुद्धा काही असू शकतं..."

"किल्ली."

ती किल्ली बाबांनी तिच्या हातात दिली. "जावईबापूंचं काय करायचं ते आता तूच सांग."

तिने दाजींकडे पाहिलं. रात्रभर घोकलेल्या शिव्यांतली एकही कामी आली नाही. "काय करायचंय? दाजी आहेतच की मदतीला. दाजी, नवा क्लॅम्प आणा. आतल्या खणातला, मोठा."

क्लॅम्प बसला. नळाचं सगळं पाणी काढून तिने नवं गुलाबी कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून हवा काढली. काटा मधोमध स्थिर झाला, दिवा विझलेलाच राहिला. चष्मेवाला गाडीत बसला, पण निघेना. खिशातून त्याने दोन पेनं काढली, बघितली, परत ठेवली.

"आता खुणा करायची गरज नाही, नाही का?" तो म्हणाला. "गळत नाही, म्हणजे यायला... तसं कारणही..."

"आणि उलटा स्वेटर घालून कुठे निघालास? लोक काय म्हणतील?"

त्याने खाली पाहिलं. कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... तसं मला म्हणायचं होतं की..."

"काय ते एकदा सरळ बोल!" ती खिडकीवर हात आपटून म्हणाली. "तीन गॅरेजं फिरलास, रेघा मारत बसलास! काय आहे ते बोलून टाकायला काय होतं तुला?"

त्याने चष्मा काढला. काही पुसलं नाही. तसाच, धूसर दिसणाऱ्या तिच्याकडे बघत म्हणाला, "तू आवडतेस मला. रागासकट."

गॅरेजात कोणीतरी खोकलं. बहुधा बाबा, नाकावर अजून ती गोल फ्रेम घेऊन.

ती लाल झाली, चिडली, हसली, सगळं एकाच वेळी, कुठलं आधी ते तिलाही कळलं नाही. मग तिने खिडकीतून हात आत घातला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"मग उतर," ती म्हणाली. "गाडी निवायला तासभर लागतो. तोपर्यंत चहा घे."