चार कोटी जबडे आणि एक दात

इसवी सन २०५८, जून महिन्याची नऊ तारीख, सकाळचे सव्वादहा. स्थळ : मिरज, डॉ. वासुदेव गद्रे यांचा दंतदवाखाना.

खुर्चीत बसलेल्या अकरा वर्षांच्या निलोफरचा संयम केव्हाच संपला होता. बाराच्या आत दातांचा दाखला पाठवला नाही, तर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशशाळेतली तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती; आणि नेमका याच आठवड्यात तिचा वरचा पुढचा दात थंड पाण्याने ठणकू लागला होता. कीड नव्हती, हिरडीही सुजलेली नव्हती. मग दात दुखत का होता?

‘तपासनीस’ नावाच्या यंत्रमानवाने हे कोडे चाळीस सेकंदांत निकालात काढले होते. “चार कोटी जबड्यांशी तुलना पूर्ण. नस निकामी होत असण्याची शक्यता ब्याऐंशी टक्के. नस काढावी. वेळ पंचवीस मिनिटे.”

“मग काढा ना!” निलोफर म्हणाली.

डॉक्टरांनी मात्र सावकाश वही उघडली. “कोणत्या कुशीवर झोपतेस? दात कोणत्या हाताने घासतेस? गार पाणी गिळल्यावर कळ थांबते की रेंगाळते?”

“लगेच थांबते. डॉक्टर आजोबा, मी दात दाखवायला आलेय. स्थळ बघितल्यासारखे प्रश्न काय विचारताय?”

“निलू, नीट बोल,” शेजारी बसलेले अब्बा पुटपुटले. पण त्यांचीही नजर घड्याळावरच होती. असल्या प्रश्नांतच अकरा वाजून गेले होते.

“रुग्णाचे म्हणणे रास्त आहे,” तपासनीस म्हणाला. “सरासरी (सर्वांची बेरीज करून केलेली सारखी वाटणी) पुरेशी आहे.”

“पुरेशी?” डॉक्टर कडाडले. “एकाला पाच नंबरचा बूट लागतो, दुसऱ्याला नऊ. सरासरी सात! आता दोघांना सात नंबर घालून चालवून दाखव. एकाचा पायातून निसटेल, दुसऱ्याचा आत शिरणारच नाही.” त्यांनी भिंग दाताजवळ धरले. “ही कडेची बारीक खाच तुला दिसली नाही?”

“दिसली. सरासरीत बसत नव्हती, म्हणून वगळली.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “काल दिवसभर काय केलंस, पोरी?”

“उठले, दात घासले, खाल्लं, अब्बांबरोबर तंबोऱ्याला तारा चढवल्या, पुन्हा खाल्लं! झालं समाधान?”

“तार चढवताना एक हात खुंटीवर, दुसरा तारेवर. मग तारेचं सुटं टोक कुठं धरतेस?”

निलोफरने दाताकडे बोट नेले आणि ते अर्ध्यावरच थबकले. शेजारी अब्बांनी हळूच ओठ मिटून घेतले.

“आमच्याकडं तंबोरे बनवणारे सगळेच तार दातांत धरतात, डॉक्टर,” ते ओशाळून म्हणाले.

“आता ऐक,” डॉक्टर निलोफरकडे वळले. “दातावर दंतवल्क (शरीरातले सर्वांत कठीण आवरण) असते. त्यात जिवंत पेशी नसतात. म्हणून ते झिजले, तर नखासारखे पुन्हा वाढत नाही. तुझ्या तारेने रोज थोडे थोडे ते कापले आणि खालचे दंतिन (द्रवाने भरलेल्या अतिसूक्ष्म नळ्यांचा थर) उघडे पडले. गार पाणी लागले की नळ्यांतला द्रव हलतो आणि नस कळवळते. पाणी गेले की शांत होते. निकामी नस अशी वागते का?”

“नाही,” निलोफर म्हणाली आणि खुर्चीत ताठ बसली. “म्हणजे मी चांगली नस काढायला सांगत होते?”

“आणि हा शहाणा काढायला निघाला होता!”

अकरा चाळीसला डॉक्टरांनी खाचेत दाताच्या रंगाचा लेप भरला आणि निळा प्रकाश टाकून तो घट्ट केला. निलोफरने गार पाण्याचा घोट घेतला. काही झाले नाही. तिने दुसरा घोट घेतला, तरीही काही नाही.

“तारेसाठी चिमटा वापरायचा,” डॉक्टरांनी अब्बांना बजावले. “आणि तुम्ही उद्या या, दात दाखवायला.”

तपासनीसाचा दिवा लुकलुकला. “प्रश्नावलीत नवा प्रश्न जोडत आहे : खाण्याखेरीज दात कशासाठी वापरता? हा प्रश्न सर्व दवाखान्यांतील यंत्रांना पाठवू का?”

“पाठव. उत्तर मात्र प्रत्येकाचे निराळे येईल. ते ऐकून घे.” डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. बाराला सात मिनिटे कमी होती. “आता दाखला लिही : नस शाबूत आहे. मुलगी प्रवासास योग्य.”