भिंतीवरून येणारा मुन्शी

कोकिळेनं मुन्शीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो अर्धा कोंडवाड्याच्या आत होता आणि अर्धा बाहेर. श्रावणाची झड लागलेली, पाठीवर गवताचा भारा, आणि भिंतीवरच्या बाभळीच्या काट्यांत धोतर असं गुंतलेलं की खाली उतरायचं तर धोतर वरच ठेवून यावं लागणार होतं. तिला वाटलं, चोरच. तिनं खालून काठीनं ढोसलं.

"कोण हाये बे?"

"मी... मुन्शी. कोंडवाड्याचा."

"मुन्शी दारातून येते. भिंतीवरून माकड येते."

"किल्ली पाटलांकडे असते," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघतच राहिला. इतका वेळ, की भारा सुटून थेट तिच्या डोक्यावर आला. गवताआडून तिचे दोन डोळे तेवढे दिसत होते, आणि ते डोळे रागावलेले होते... फार नाही, थोडेसे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची, मोताळ्याजवळच्या एका गावातली ही गोष्ट. कोंडवाडा म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरलेली जनावरं धरून ठेवायची सरकारी जागा. सरकारी म्हणजे छप्पर कागदावर, पाण्याचा हौद कागदावर, चारा कागदावर; जनावरं तेवढी खरी. आत दाटी अशी, की एका बैलाला शेपूट हलवायची तर शेजारच्या दोघांनी आधी श्वास आत ओढून धरावा. तिथल्या माश्यासुद्धा उपाशी असत, जेवायला गावात येत.

चाऱ्याचा ठेका रंगराव पाटलांचा, आणि किल्लीही त्यांच्याच करदोट्याला. गावाची जुनी पांधन, म्हणजे गुरा-गाड्यांची वाट, पाटलांचा नांगर दरसाल थोडीथोडी गिळत आला होता. त्यामुळे पांधनीनं जाणारं प्रत्येक जनावर आपोआप पाटलांच्या शेतात घुसलेलं ठरे आणि कोंडवाड्यात जाई. धनी सोडवायला आला नाही की लिलाव. लिलावात पाटलांच्या वर बोली लावायची छाती कोणाची? दरोडेखोर निदान तोंड तरी झाकतो. इथं सगळं उजेडात, शिक्का मारून.

कोकिळेचा बाप उकंडराव भाजीपाल्याचा मळा करी. त्याचा शेल्या बैल असाच धरला गेला होता. दंड भरावा तर पांधन पाटलांची हे कबूल केल्यासारखं, म्हणून उकंडराव अडून बसलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लिलाव ठरला. शेल्याची आई त्याला जन्म देऊनच गेलेली. कोकिळेनं त्याला ज्वारीची पेज पाजून मोठा केला होता. तो आता पाटलांच्या दावणीला जाणार होता.

मग ती रोज गवत घेऊन भिंतीशी येऊ लागली. मुन्शी वर चढे, ती खालून भारा देई. त्याचं नाव मोतीराम, गाव साखरखेर्डा. हौदासाठी त्यानं वरच्या हापिसाला इतके अर्ज केले होते की तेवढा कागद बैलांना घातला असता तर एक वेळचं पोट भरलं असतं. उत्तर एकच, चौकशी चालू आहे. कोकिळा भडके आणि त्या न पाहिलेल्या साहेबांचा सगळा राग समोरच्या मुन्शीवर काढी. तो ऐकून घेई आणि पुन्हा कावडीनं पाणी वाहायला लागे.

"रोज काऊन येता?" त्यानं एकदा वरून विचारलं.

"बैलासाठी."

"गवत देऊन झालं तरी उभ्या राहता."

"बैल खाते का नाही, पाहाले नको?"

"तिथून बैल दिसत नाही. मीच दिसतो."

तिनं ओल्या पदराचं टोक उगाच पिळलं. "दिसता... त्याले मी काय करू?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि धनी त्यांच्या कानाशी म्हणतो, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. कोंडवाड्यातल्या बैलांना कोण आवतन देणार? सगळं गाव रस्त्यावर असताना कोकिळा तुपाची वाटी घेऊन रंगराव पाटलांच्या वाटेत उभी राहिली. डोळे खाली, आवाज साखरेत घोळलेला.

"पाटीलबाबा, किल्ली तुमची, चारा तुमचा. मंग त्या मुक्याचे धनी तुमीच. आवतन तुमीच द्या."

पाटलांना वाटलं, लिलावाआधीच गावानं आपल्याला मालक मानलं. छाती फुगवून ते कोंडवाड्यापाशी आले आणि साऱ्या गावाच्या देखत आवतन देऊन मोकळे झाले. भिंतीवर बसलेल्या मोतीरामानं कोकिळेकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहून हसली. तो खाली पडला, पण आतल्या बाजूला, आणि आत इतके बैल होते की जमिनीला लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मारोतीपुढं बैल सजून उभे राहिले. पाटलांची मानाची जोडी पुढं. तोरण तुटलं की पोळा फुटतो आणि बैल घरोघर जेवायला जातात. ते तुटणार तोच गावातले सगळ्यांत म्हातारे भगवानराव काठी आडवी धरून उभे राहिले.

"पाटील, तुमचे पाहुणे आले नाही अजून. आवतन देऊन कोंडून ठेवाल, तर पोळा फुटत नसते."

वाजंत्री थांबली. एकही माणूस जागचा हलेना. पाटलांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि करदोट्याची किल्ली सोडली.

पाहुणे कसे जेवले, काय सांगू. पाटलांच्या घरचं पुरण संपलं, सोयऱ्यांसाठी राखलेल्या पोळ्या संपल्या, मांडवाच्या केळी गेल्या, आणि शेल्यानं पाटलांच्या पागोट्याचा शेमला शेवयांसारखा ओढून खाल्ला. जेवलेल्या पाहुण्याला परत कोंडा, असं म्हणायला पाटलांचं तोंड उघडेना. ज्यानं त्यानं आपला बैल धरला आणि पांधनीनं वाजतगाजत घरी नेला.

आता वरचं हापीस जागं झालं. कोंडवाड्यात जनावर तहानेनं मेलं तर चौकशी, जिवंत सुटलं तर लगेच हुकूम. मोतीरामाची लोणारला बदली झाली. पाटलांना कोणी विचारलंसुद्धा नाही.

तो निरोप घ्यायला मळ्यात आला तेव्हा कोकिळा वांगी तोडत होती.

"तिथंही कोंडवाडाच," तो म्हणाला. "हौद नाही. साहेब म्हणतात, एवढं मोठं सरोवर आहे, हौद कशाला?"

"अन् ते पाणी खारं हाये ना? जनावर तोंड तरी लावते काय त्याले?"

"नाही लावत."

"मंग हे साहेबाले कोणी सांगतलं नाही?"

"मी सांगितलं. चौकशी चालू आहे."

तिनं हातातलं वांगं टोपलीत असं आपटलं की ते फुटलं. "अन् तुमी एकटेच जाऊन राह्यले तिथं?"

"हुकूम आहे..."

"तुमाले हाये. मले कोण देईल?"

पाऊस भुरभुरत होता. मोतीरामानं टोपी काढली, पुन्हा घातली. "मी... देऊ?"

"हुकूम नका देऊ मले. इचारा."

त्यानं विचारलं. काय विचारलं ते वांग्यांनाच ठाऊक, पण कोकिळेचे कान लाल झाले. ती म्हणाली, बाबाले भेटा, आणि एक अट ऐका. आधी हौद, मंग मांडव.

उकंडरावानं चौकशी केली तर मोतीराम दूरच्या सोयऱ्यांतलाच निघाला. लग्न लोणारला ठरलं. लग्नाला आलेल्या बायाबापड्यांनी अक्षता हाती घेण्याआधी कोंडवाड्यात टोपल्या-टोपल्या माती उपसली, गड्यांनी दगड रचले, विहिरीचं गोडं पाणी ओतलं. हापिसाची मंजुरी अजून वाटेतच असावी. त्या दिवशी पहिली पंगत जनावरांची बसली. नवरानवरी हळदीच्या अंगानं हौदाशी उभी राहून पाणी ओतत होती, आणि शेवटची गाय पिऊन मान वर करीपर्यंत कोकिळेनं भटजींना मंगलाष्टकं सुरू करू दिली नाहीत.