डाव्या पापणीचा घोटाळा

उपासना संपली आणि दारातच त्यानं तिला गाठलं.

"माफ करा, पण... मघाशी तुम्ही मला डोळा मारलात का?"

ती पाळकबाबांची एकुलती एक मुलगी, बालवाडीतली शिक्षिका. असलं काही तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, तेही चर्चच्या पायरीवर.

"मी? तुम्हाला?"

"एकदाच नाही. प्रवचन रंगत गेलं तसतसं जास्तच."

तिचे कान तापले. "अहो, पापणी पडते माझी. थकले की डावा डोळा आपोआप मिटतो. आजार आहे तो. डॉक्टर म्हणतात, माझ्याच शरीरातली फौज माझ्याच स्नायूंवर उलटलीय. जन्माची सोबत."

त्याचा चेहरा पार उतरला. "म्हणजे... मी उगाच लाजत बसलो होतो."

तिला फस्सकन हसू आलं. आजाराचं नाव कळल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसली होती.

तो बाजारपेठेतला चष्मेवाला निघाला. बाबांचा नवा चष्मा द्यायला आला होता, आणि बाबांनी त्याला आग्रहानं उपासनेला बसवलं होतं. जाताना तो अडखळत म्हणाला, "दुकानात या ना एकदा. पापणीला आधार देता येईल असं काहीतरी करून बघू..."

ती गेली. त्यानं फ्रेमच्या आतल्या बाजूला केसासारखी बारीक तार बसवली. त्या तारेवर पापणी अलगद टेकून राहायची. तार वाकवताना त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता.

"टोचतेय?"

"नाही."

"मग श्वास का रोखलाय?"

"तुम्ही का रोखलाय?"

त्यानंतर ती तार वरचेवर सैल पडू लागली. इतकी चांगली तार सैल कशी पडते, असं दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं तेही कळलं नाही.

आणि मग तो रविवार आला. बाबांनी तिला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवून कळवळून प्रार्थना केली, आणि जाहीर केलं, "माझी लेक बरी झाली आहे." सगळी मंडळी उभी राहिली. बायका डोळे पुसू लागल्या. ती मात्र सुन्न झाली, कारण अंगात काहीच बदललं नव्हतं. पण बाबांचा चेहरा असा उजळला होता की त्यांना खोटं कसं पाडायचं? घरी जाऊन तिनं गोळ्यांची बाटली कपाटात मागे सारली. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं तिनं स्वतःलाच बजावलं.

थोड्याच दिवसांत, एका दुपारी ती दुकानात आली ती मानेला हात लावून. डोकं पेलवत नव्हतं. त्यानं पाणी दिलं, तर घोट नाकातून परत आला.

"गोळी कधी घेतलीस?"

"बंद... केल्यात." आवाज नाकातून येत होता, विझत चाललेला. "बाबांनी... सांगितलं ना... सगळ्यांना..."

हातातली काच तशीच टाकून, तिला जवळजवळ उचलूनच त्यानं हॉस्पिटल गाठलं. तोवर तिला श्वास घेणंही जड झालं होतं.

नंतर घशात नळी आणि शेजारी यंत्राची धाप. हलता येईना, बोलता येईना. देवाला द्यायला तिच्याकडे एक शब्दही नव्हता. मागणं नाही, तक्रार नाही. तरीही कुणीतरी उशाशी बसून आहे, काहीही न मागता बसून आहे, असं तिला जाणवत राहिलं. विश्वास कमी पडला म्हणून देव उठून गेला नव्हता. हे उमगलं तेव्हा तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

ती घरी परतल्यावरच्या पहिल्याच उपासनेत बाबा पुढं उभे राहिले.

"त्या दिवशी जे बोललो, ते देवानं मला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "मला ते हवं होतं. माझ्या इच्छेला मी त्याचं नाव दिलं, आणि लेक गमावणार होतो."

तिनं पिशवीतून गोळी काढली आणि सगळ्यांसमोर, पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. मग बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मागच्या बाकावरचा चष्मेवाला बाहेर सटकला होता. ती अंगणात त्याच्याजवळ आली.

"ऐक. हा आजार जाणार नाही. संध्याकाळी माझा आवाज बसतो."

"भांडणं सकाळी उरकत जाऊ."

"चेष्टा नको. कधी परत नळी लागेल..."

"मी हॉस्पिटलात तुझ्या खोलीबाहेरच्या बाकावर असेन. इतक्या रात्री काढल्यात, तो बाक किती टणक आहे ते आता ठाऊक झालंय."

"मग लग्न करशील माझ्याशी?"

तो मटकन पायरीवर बसला.

"हे... मी विचारणार होतो," तो पुटपुटला. "बाबांना माहीत आहे?"

"सकाळीच सांगितलं. ते आत प्रार्थनेला बसलेत. पण तू काय म्हणशील याची हमी या वेळी त्यांनी दिलेली नाही."

तो हसू लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "जा, सांग त्यांना," तो म्हणाला. "नाहीतर थांब, दोघं मिळूनच सांगू."